डावी बाही

कोपरावर जिथे जाड कापडाचं ठिगळ शिवलेलं असतं तिथे तिने अंगठ्याने दाबून पाहिलं, मग नखाने खरवडलं, मग खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं — काही नाही. गवताचा हिरवट डाग नाही, माती नाही, चुना नाही. शनिवारी तिनेच इस्त्री करून पाडलेली घडी अजून बाहीवर रेघेसारखी दिसत होती. उजवी बाही मात्र बरबटलेली. उजव्या कोपरावर चिखलाची खपली, उजव्या कुशीला गोलरेषेचा पांढरा पट्टा... एकाच शर्टाच्या दोन बाह्या, त्यातली एक लढाईवरून आलेली आणि दुसरी लग्नाहून.

डोळे गेले असतील माझे, ती मनात म्हणाली. चष्मा एप्रनला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. डोळे गेले नव्हते.

सोमवारची सकाळ तिची असते. पूर्वेकडच्या स्टँडखाली, जिथे प्रेक्षकांच्या बाकांमुळे छत तिरकं खाली येतं आणि उंच माणसाला मान वाकवावी लागते, तिथे क्लबची धुण्याची खोली. दोन मशिनं, एक दगडी हौद, भिंतीवर अकरा अधिक सात खुंट्या. एकतीस वर्षं. आधी तिचा नवरा याच मैदानाचं गवत कापायचा, आणि तो गेल्यावरही ते गवत दर सोमवारी तिच्याकडे येतच राहिलं, कुणाच्या गुडघ्यावरून, कुणाच्या पाठीवरून. मॅच तिने आयुष्यात पाहिली नाही. रविवारी ती इथेच बसून टॉवेलांच्या घड्या घालते आणि डोक्यावरच्या पायांचा धडधडाट ऐकते. काल छत दोनदा एकदम गप्प झालं होतं, त्यावरून तिला कळलं होतं काय ते. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मॅच मी बघत नाही, मी धुते." आणि ही काही नुसती ऐट नव्हती. कॅप्टनच्या बाहीवर नाक पुसल्याचा डाग — बत्तीस वर्षांचा झाला तरी याला रुमाल ठाऊक नाही — म्हणजे कॅप्टन पळाला, धापा टाकेपर्यंत पळाला. मागच्या फळीतल्या लांब्याचा शर्ट पाठीवर ताणून ढगळ झालेला, म्हणजे कुणीतरी त्याला ओढत होतं आणि तो सुटू बघत होता. शर्ट खोटं बोलत नाही. माणसाला तोंड असतं, शर्टाला नसतं...

आणि ज्याच्या अंगाला काहीच लागलेलं नसायचं, त्याचा शर्ट ती धुवायची नाही. तसाच घडी घालून त्याच्या खुंटीखाली बाकावर ठेवायची. बस्स. एक शब्द नाही. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना कळायचं. प्रशिक्षक बदलले, अध्यक्ष बदलले, हा नियम तिचा होता आणि तो कुणी बदलला नाही. नवीन खेळाडूला जुने पहिल्याच दिवशी सांगायचे, बाबा रे, साहेबांना घाबरू नकोस, मावशीला घाबर. एकदा एका राखीव खेळाडूला तिने असा शर्ट परत दिला होता तेव्हा तो म्हणाला होता, मावशी, मला कुणी बॉलच दिला नाही... आणि ती म्हणाली होती, मग मागायला जीभ दिली नव्हती का देवाने? सगळे हसले होते. तोही हसला होता, म्हणजे तोंड तसं केलं होतं त्याने. महिन्याभरात क्लब सोडून गेला. आज त्याची आठवण कुठून आली?

पण हा शर्ट गोलकीपरचा आहे. गोलकीपरचा शर्ट मशिनमध्ये जात नाही, तो ती हाताने धुते, कारण कोपराची ठिगळं मशिन चावून टाकतं, आणि कारण... कारण तो तिच्या लेकाचा आहे.

खिडकीबाहेर पायऱ्यांवर सोमवारची सभा भरली होती. सभा म्हणजे तिघं: न्हावी, कारण त्याचं दुकान सोमवारी बंद, निवृत्त मास्तर, कारण त्यांचं सगळंच बंद, आणि एक टॅक्सीवाला, ज्याला अंगावरून सगळे भोपळा म्हणायचे आणि जो उभ्या टॅक्सीत पैसे मिळत असल्यासारखा तासन्‌तास बसायचा.

"चषक गेला," न्हावी म्हणाला. "विसरा आता."

"गेला कसा? कालपर्यंत दोन गुणांनी पुढे होतो, आज एकाने मागे. रविवारी सिमेंटवाल्यांना हरवायचं, चषक आपला. साधं गणित आहे."

"मास्तर, तुमच्या गणिताने आजवर कुणी गोल मारलाय का?"

"तुझ्या वस्तऱ्याने मारलाय का?"

"भांडू नका," भोपळा म्हणाला. "मुद्दा पैशाचा आहे. त्या सिमेंटवाल्याने क्लब घेतला तेव्हा ते कुठे होते? तळाला. दोन वर्षांत वर. आपणही एखादा शेठ बघायला पाहिजे. सिमेंटवाला नाही तर विटावाला."

"आणि तो शेठ उद्या म्हणेल, मैदान विका, दुकानं काढा. मग बस टाळ्या वाजवत दुकानांपुढे," मास्तर म्हणाले. "आपली पोरं आपल्या गल्लीतली आहेत. त्यांना ह्या मातीची—"

"मातीवर घर चालतं का मास्तर? त्यांचा कीपर महिन्याला जे घेतो ना, तेवढ्यात आपला अख्खा संघ वर्षभर जेवतो. आणि आपली भिंत त्याच्या दसपट चांगली! बोला!"

भिंत म्हणजे तिचा लेक. हे नाव त्याला याच पायऱ्यांनी दिलं होतं, आणि दर वेळी ते कानावर पडलं की ती मान वळवायची नाही, पण हात जरा सावकाश चालायचे.

"भिंतीचं नाव काढू नका आज," न्हावी म्हणाला. "दोन्ही गोल तिच्याकडून."

"वारा होता."

"पहिल्याला होता. दुसऱ्याला पान हललं नाही. आणि दोन्ही डावीकडून मास्तर, डावीकडून! त्याच्या डावीकडून चार वर्षांत मुंगी गेली नव्हती. काल तो जागचा हललासुद्धा नाही. नुसता बघत उभा."

"नजरेने अडवत होता," भोपळा म्हणाला, आणि मग आपल्याच विनोदावर हसला, "अरे, भिंतीला सिमेंट लागलं असेल."

तिघंही हसले. त्यांच्या हसण्यात काही नव्हतं, ते असंच कशावरही हसायचे. पण तिच्या हातातला शर्ट एकाएकी जड झाला, ओला नसताना जड झाला, आणि तिने हौदाचा काठ धरला. डावीकडून. दोन्ही. ती बाहीकडे बघत राहिली. घडी मोडली नव्हती. तो पडलाच नव्हता त्या बाजूला... एकदाही नाही. माणूस चुकतो, उशिरा पडतो, चुकीचा पडतो, पण पडतो तर खरा! बॉल हुकला तरी माती हुकत नाही.

"मावशी," न्हाव्याने खिडकीतून विचारलं, "काल काय झालं हो तुमच्या लेकाला?"

"तुम्हा तिघांना तुमच्या बायका घरात का थारा देत नाहीत ते आधी सांगा," ती म्हणाली, "मग माझ्या लेकाचं विचारा."

बाहेर हशा पिकला. जिभेचं काम जिभेने केलं होतं, सवयीने. ती स्वतः तिथे नव्हतीच. ती इथेच होती, याच खोलीत, पण वीस वर्षं मागे — मळक्या टॉवेलांचा डोंगर, आणि त्यावर झेपावणारा सात वर्षांचा तो. मोज्यांचा बोळा करून ती फेकायची आणि तो पडायचा. उजवीकडे माशासारखा जायचा. डावीकडे नाही. त्या बाजूचं गळ्याजवळचं हाड जिन्यावरून पडून मोडलं होतं, जुळलं होतं, पण भीती जुळली नव्हती. मग सहा महिने तिने फक्त डावीकडेच फेकलं. तो रडायचा. ती म्हणायची, रड, पण पड. टॉवेल आहेत खाली, दगड नाहीत. आणि एक दिवस तो पडला, बोळा छातीशी धरून तसाच पडून राहिला, हसत, आणि ती म्हणाली होती, शाब्बास. तेव्हापासून तिच्या तोंडाला ती खोड लागली, त्याने काहीही झेललं — किल्ली, साबण, फळ — की शाब्बास. डावी बाजू त्याला देवाने दिलेली नाही, मी दिलेली आहे. मी.

हाड!

हाडच असेल. ते जुनं हाड पुन्हा दुखावलं असेल, आणि शेवटच्या मॅचमधून काढतील म्हणून त्याने कुणाला सांगितलं नसेल... दात आवळून उभा राहिला असेल बिचारा, हात उचलता येत नसताना. किती सोपं होतं हे! तिला एकदम इतकं हलकं वाटलं की तिने नळ सुरू केला, हौदात पाणी पडू लागलं, आणि ते पडता पडताच तिला आठवलं की दोन आठवड्यांपूर्वी तो जेवताना म्हणाला होता, आई, पुढच्या महिन्यापासून हे काम बंद. घर बघितलंय. दोन खोल्या, मागे मोकळी जागा, तुझ्या दोऱ्या बांधायला. कुठून रे एवढे, असं तिने विचारलं नव्हतं. का नव्हतं विचारलं? जी बाई भाजीवाल्याने परत दिलेलं नाणंही दोन्ही बाजूंनी तपासून घ्यायची तिने पोटच्या पोराला एक प्रश्न विचारला नव्हता. उलट याच खिडकीतून या तिघांना ऐकवलं होतं, बसा पायऱ्या झिजवत, मी चालले माझ्या घरात. नाक केवढं वर होतं तेव्हा माझं...

नाही. हाडच.

देवा, हाडच मोडलेलं असू दे. दोन तुकडे झालेले असू देत. आयुष्यभर हात वर जाऊ नये त्याचा, चालेल, मी भरवीन त्याला, मी केस विंचरीन त्याचे — आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय मागतोय. पोटच्या पोराचं हाड मागतोय. ती हौदाच्या काठावर बसली. ही कोण बाई, तिला वाटलं. हिला मी ओळखत नाही.

दार ढकललं गेलं, आणि तिरक्या छताखाली मान वाकवून तो आत आला. आंघोळ केलेला, केस ओले, खांद्याला पिशवी. बाहेर सभा आदराने गप्प झाली.

"आई, हातमोजे इथे राहिले का माझे?"

तिने टोपलीतून मोज्यांची एक जोडी उचलली, एकात एक खोचून बोळा केला, घट्ट, पूर्वीसारखा. त्याच्या लक्षात येण्याआधीच फेकला, डावीकडे, खांद्याच्या वर, हात ताणावा लागेल असा. नको झेलूस, ती मनात म्हणाली. नको रे झेलूस. ओरड, कळवळ, दुसऱ्या हाताने खांदा धर...

त्याचा डावा हात नुसता वर गेला. त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. फळीवरची वस्तू काढून घ्यावी तसा त्याने बोळा हवेतून काढून घेतला, पिशवी खांद्यावरून हललीही नाही.

"शाब्बास," ती म्हणाली.

म्हणजे तिच्या तोंडाने म्हटलं. तो शब्द खोलीभर फिरून तिच्याच कानाशी आला, आणि तिला वाटलं आता छत गप्प होईल, कालच्यासारखं.

तो हसला. बोळा वरच्यावर उडवत तिच्याकडे आला, हातमोजे तिथेच मशिनवर पडलेले होते ते उचलले, आणि तेव्हा त्याची नजर तिच्या मांडीवर गेली. शर्ट पसरलेला होता. डावी बाही वर होती. चिमटीत धरलेली. तो सात वर्षांचा असल्यापासून या खोलीत वाढला होता. कोरा शर्ट म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बोळा उडायचा थांबला.

नळाचा आवाज तेवढा येत राहिला.

"नुसता ओला करून टाक ना, आई," तो हळूच म्हणाला.

विचारावं. आत्ता विचारावं, बाहेरचे तिघं ऐकताहेत तरी विचारावं, ओरडून विचारावं... एकतीस वर्षांत तिने कुणाला सोडलं नव्हतं. पण हा पोरगा तिच्याशी आजवर एकदाही खोटं बोलला नव्हता. विचारलं तर तो सांगेल. भीती त्याचीच होती, तो लपवील याची नव्हती, तो सांगेल याची होती. आणि मग रविवार यायचाच होता, आणि त्याच्या खुंटीखालचा बाकही होता, तिच्याच नियमाने या शर्टाची वाट बघत.

"मावशी," बाहेरून भोपळा ओरडला, "भिंतीला सांगा, आम्ही आहोत पाठीशी!"

तो दाराकडे वळला, मग थांबला, पण वळून बघितलं नाही. हौद भरत आला होता, पाणी काठाला लागलं होतं, आणि शर्ट तिच्या मांडीवर कोरडा होता. तिचा एक हात बाहीवर होता. दुसरा कधीपासून कोण जाणे तिच्या स्वतःच्याच गळ्याजवळच्या डाव्या हाडावर होता, आणि ती ते दाबत होती, जोरात, जोरात, दुखतंय का बघत.