सर्वांत स्वच्छ ट्रे

आमच्या क्लबात एकवीस जुन्या लष्करी गाड्या आहेत आणि त्या सगळ्या गळतात. महायुद्ध जिंकून आलेल्या असल्यामुळे त्यांना कुणी काही बोलत नाही. कुणाचं इंजिनातलं तेल गळतं, कुणाचं गिअरबॉक्समधलं, कुणाचं ब्रेकचं. माझी जीप तर काय गळते हे अजून कुणाला ओळखता आलेलं नाही, आणि मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. नव्या सभासदाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो : गळतेय तोवर काळजी नाही. गळायची थांबली की समजायचं, आत काही उरलेलं नाही.

आमचं हँगर लिंकनशायरमध्ये, बीटाच्या शेतांच्या मधोमध, बंद पडलेल्या विमानतळावर आहे. मागच्या वर्षी आमच्या चिटणीस प्रुडेन्स यांनी हँगरच्या जमिनीला राखाडी रंग लावून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नियम क्रमांक अकरा काढला : प्रत्येक गाडीखाली ट्रे हवा. प्रुडेन्स पूर्वी शाळा तपासनीस होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांना तपासायला आम्ही मिळालो. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कामाला जमतो तेव्हा त्या वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक गाडीखाली वाकून बघतात आणि ट्रेला शेरा देतात. 'ठीक.' 'बरा.' माझ्या ट्रेपुढे त्या फक्त उसासा टाकतात.

डेस्मंडनी नियमासाठी घरून ओव्हनमध्ये मांस भाजायचा ट्रे आणला. डेस्मंड एकोणऐंशीचे. उभा जन्म आमच्या भागातल्या पाणथळ जमिनीतलं पाणी पंपाने उपसून समुद्रात सोडण्यात गेला. त्यांचा १९४३ सालचा तीन टनी ट्रक क्लबातली सगळ्यांत मोठी गाडी. ट्रे त्यांच्या बायकोचा, विनिफ्रेडचा. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

"एकट्यासाठी कोण रविवारचं मांस भाजतंय?" ते म्हणाले. "पडून राहण्यापेक्षा ट्रकखाली बरा."

विनिफ्रेडला ट्रक आवडत नसे. टपातून पाणी ठिबकायचं म्हणून ती भर उन्हाळ्यात रेनकोट घालून शेजारच्या सीटवर बसायची. ती गेल्यावर त्या सीटवर मेबल बसू लागली. मेबल स्पॅनिअल जातीची कुत्री. पांढरी-तपकिरी, कान जमिनीला टेकणारे. खरं म्हणजे ती विनिफ्रेडचीच. डेस्मंडशी तिचा संबंध आधी जेमतेम ओळखीचा होता. नंतर दोघांचंही दुसरं कुणी उरलं नाही.

"ही नसती तर ट्रक केव्हाच विकला असता," ते मला एकदा म्हणाले. "क्लच दाबला की माझा गुडघा बोलतो. पण हिला वरून शेतं बघायची असतात. आता हिला सांगणार कोण, मास्तर?"

मला ते मास्तर म्हणतात. माझं नाव ह्यू आहे, पण ते त्यांच्या तोंडी बसत नाही.

आता माझ्याकडे येतो. मी क्लबाचा तांत्रिक सल्लागार आहे. म्हणजे सल्ला कुणी मागत नाही, मी तो आमच्या अंकात छापतो. सप्टेंबरच्या अंकात मी सहा पानी लेख लिहिला : 'जुन्या गाड्यांसाठी सुरक्षित अँटिफ्रीझ'. थंडीत रेडिएटरमधलं पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून त्यात काय मिसळावं, हा आमच्याकडे धर्मकारणाइतका पेटणारा विषय आहे. बाजारात हल्ली गुलाबी मिळतं, ते नव्या गाड्यांचं. जुन्या पितळी रेडिएटरचे डाख ते खातं, पंपाची वेष्टनं कुजवतं. त्यामुळे आपल्याला निळंच, जुन्या पद्धतीचं, असा माझा निष्कर्ष होता. चार आलेख होते. दर दोन वर्षांनी बदलायची सूचना होती. तिसरा एक प्रकार मिळतो, कमी विषारी. त्याची बोळवण मी एका वाक्यात केली होती : दाट असतं, उष्णता जरा कमी वाहून नेतं, आपल्याला गरज नाही.

आणि सातव्या पानावर जाणारा एक परिच्छेद होता. निळं अँटिफ्रीझ चवीला गोड असतं, जनावरं आवडीने पितात, आणि थोडंसंही पोटात गेलं तर मूत्रपिंडं जातात. सात पानं झाली की अंकाची घडी बसत नाही. प्रुडेन्स म्हणाल्या, "ह्यू, एक पान कमी कर." मी आलेख कमी करू शकलो असतो. मला आलेख आवडतात. मी तो परिच्छेद काढला. इतकं तर कुणालाही माहीत असतं, असं मनाशी म्हटल्याचं आठवतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पारा चांगलाच खाली आला. सगळे अँटिफ्रीझ भरायला आले होते. डेस्मंडनी निळा डबा आणला होता, माझ्याच लेखातला. आम्ही दोघांनी रेडिएटर भरला, इंजिन सुरू केलं. ते तापल्यावर वरच्या नळीतून कपभर बाहेर सांडलं ते खालच्या ट्रेत पडलं. शिवाय पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवायला गुंडाळलेल्या दोरीतून थेंब थेंब चालूच होतं. ते चालू असायलाच हवं, असं लष्कराच्या पुस्तिकेतच आहे.

"थेंब मोजायचे का, मास्तर?"

"मिनिटाला सहाच्या आत असतील तर उत्तम."

"पाच. आता चहा घेऊ."

हँगरच्या दुसऱ्या टोकाला चहाचा बंब असतो. आम्ही सगळे तिकडे गेलो. मनुका घातलेला गोडसर प्लम ब्रेड आणि चीज होतं. मेबल आली नाही. ब्रेडचा वास आला की ती पहिली हजर असते, पण त्या दिवशी ती ट्रकखालीच राहिली. डेस्मंड म्हणाले, "असू दे, तिला तिथे ऊब मिळते."

अर्ध्या तासाने प्रुडेन्स फेरीला निघाल्या. माझ्या ट्रेपाशी उसासा टाकला. मग ट्रकखाली वाकल्या आणि ताठ झाल्या.

"सगळ्यांनी इकडे या जरा. हा बघा ट्रे. लख्ख. आत्ताच गाडी भरली, तरी एक थेंब नाही. याला म्हणतात शिस्त. डेस्मंड, शाबास."

"मी काही केलं नाही हो," डेस्मंड म्हणाले.

"विनय नको. मी लिहितेय : सर्वांत स्वच्छ ट्रे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मिनिटाला पाच थेंब, शिवाय वरून कपभर, हे गणित मला येतं. माझ्या समोर ट्रे कोरडा होता आणि मी टाळ्या वाजवल्या.

विनिफ्रेड दर रविवारी जेवण झालं की तो ट्रे मागच्या दाराशी ठेवायची आणि मेबल तो चाटून लख्ख करायची. सात वर्षं. हे मला नंतर कळलं.

त्या दुपारी मेबल ट्रकखालून बाहेर आली ती तिरकी चालत. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. दोनदा बसली. कुणीतरी म्हणालं, "हिला बिअर कुणी पाजली?" सगळे हसले. डेस्मंडही हसले.

"अकरा वर्षांची आहे. मीही सकाळी उठून असाच चालतो. चला बाई, घरी."

त्यांनी तिला उचलून सीटवर ठेवलं. ती खिडकीतून शेतं बघत गेली.

सोमवारी तिने उलटी केली आणि मग बरी झाली. चक्क बरी. डेस्मंडनी मला फोन करून सांगितलं, "त्या प्लम ब्रेडचंच झालं असणार, कुणीतरी दिला असेल. आता चालतेय नीट. भुंकली सुद्धा पोस्टमनवर." या विषात मध्ये एक बरा दिवस असतो. हे मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. त्या दिवशी फोनवर मी म्हणालो, "छान."

मंगळवारी सकाळी ती उठली नाही. पाण्याकडे बघेना, लघवी होईना. डेस्मंडना तिला ट्रकमध्ये चढवता येईना, म्हणून त्यांनी मला बोलावलं. माझ्या साध्या गाडीतून आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिने रक्त तपासलं, आणि मग आमच्या हातांकडे बघून, नखांत काळं होतं म्हणून असेल, विचारलं, "घरी अँटिफ्रीझ आहे का?"

डेस्मंडनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"ट्रे," ते म्हणाले. "तिचा ट्रे आहे तो."

डॉक्टरला काही कळलं नाही. तिने शांतपणे सांगितलं की रविवारीच आणलं असतं तर उपाय होता. खास औषध असतं, ते नसेल तर शिरेतून दारू सोडतात. दारू असली की शरीर आधी ती पचवतं आणि विष तयार व्हायचं थांबतं. आता मूत्रपिंडं बंद पडली आहेत.

"माझ्याकडे व्हिस्की आहे," डेस्मंड म्हणाले. "चांगली आहे. विनिफ्रेडच्या भावाने दिलेली, उघडलेली पण नाही. घर दहा मिनिटांवर आहे. मास्तर, जाऊन आण ना."

"आता उपयोग नाही," डॉक्टर म्हणाली.

"तो आणेल. दहा मिनिटं लागतात."

"डेस्मंड," मी म्हणालो.

मग त्यांनी टोपी काढली, आणि कुठे ठेवावी हे न सुचून पुन्हा घातली. शेवटी तिला कायमचं झोपवायचं ठरलं. त्यांनी तिचा कान हातात धरला होता, टोकाशी. इंजेक्शन झाल्यावरही बराच वेळ तो त्यांनी सोडला नाही. डॉक्टर थांबून राहिली. पुढे कुणी पेशंट नव्हता, की तिने तसं दाखवलं नाही, मला माहीत नाही.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. हातात पाच लिटरचा डबा होता, तो तिसऱ्या प्रकारचा, कमी विषारी. रिकाम्या हाताने कसं जायचं, असं वाटलं होतं. इतकं शिक्षण घेऊनही माणसाला असं वाटतं.

"काय आणलंस?"

"हे दुसरं अँटिफ्रीझ. निळं काढून हे भरू. मी करून देतो." आणि बोलू नये ते बोललो. "हे कुत्र्यांना तितकं बाधत नाही."

"कुठल्या कुत्र्यांना?" डेस्मंड म्हणाले.

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मी डबा दाराशी ठेवला.

स्वयंपाकघरात टेबलावर तो ट्रे पालथा होता. घासून घासून त्याचा काळा रंग गेला होता.

"फेकवत नाही," ते म्हणाले. "आणि दुसरं काय करायचं ते सुचत नाही. बस. चहा टाकतो."

"मला एक सांगायचंय. सप्टेंबरच्या लेखात एक परिच्छेद होता. ते गोड असतं, जनावरं पितात, म्हणून. मी तो काढला. जागा नव्हती."

किटली उकळेपर्यंत ते पाठमोरेच होते.

"मास्तर, मी तुझा लेख वाचला नाही रे. सहा पानं कोण वाचतो? पहिल्या पानावर 'निळं' असं होतं. मी निळं आणलं." त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला. "तू सांगितलंस म्हणजे बरोबर असणार."

त्यांना मला मोकळं करायचं होतं, हे मला दिसत होतं. तो चहा मी कसा संपवला ते आठवत नाही.

मग ते म्हणाले, "एक काम कर. ट्रक रिकामा करायला ये. गुडघ्यामुळे मला खाली वाकता येत नाही."

दाराशी ठेवलेला डबा मी माझ्या गाडीत घेतला आणि त्यांच्या ट्रकमागून हँगरवर गेलो. मी ट्रकखाली झोपून रेडिएटरचा नळ उघडला, मग इंजिनाचा. निळं पाणी झाकणाच्या डब्यात घेतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत. बाहेर येऊन हात पुसत मी म्हणालो, "डबा गाडीत आहे. भरू या?"

"नको."

"नुसता उभा ठेवणार?"

"वरून शेतं कुणाला बघायचीत आता?"

त्यांनी सीटखालून एक पुठ्ठा काढला. सैन्यात रिकाम्या केलेल्या गाडीच्या स्टीअरिंगला पाटी अडकवायची पद्धत होती, म्हणजे कुणी चुकून सुरू करायला नको. आमच्यात अजून आहे. ही पाटी विनिफ्रेडने लिहिलेली होती, वळणदार अक्षरात, आणि खाली तिच्या पद्धतीने एक ओळ जास्तीची होती : 'पाणी काढले आहे. कृपया त्रास देऊ नये.' डेस्मंडनी ती स्टीअरिंगला बांधली. गाठ दोनदा सुटली. मग शेजारच्या सीटवरची, मेबलच्या केसांनी भरलेली घोंगडी त्यांनी झटकण्यासाठी उचलली, आणि न झटकताच परत ठेवली.

डिसेंबरच्या अंकात तो परिच्छेद पहिल्या पानावर आला. आलेख एकही नाही. प्रुडेन्सनी एक शब्दही कमी करायला सांगितला नाही. त्या मला हँगरच्या मागे गाठून म्हणाल्या, "मी त्यांना शाबास म्हटलं होतं, ह्यू. सगळ्यांना बोलावून." त्यांच्या वहीतलं ते पान फाडलेलं मी नंतर पाहिलं. नियम अकरा आता असा आहे : प्रत्येक ट्रेवर जाळी हवी, आणि चहाला जाताना तो रिकामा करायचा.

डेस्मंड रविवारी येतात. बसने. चहा घेतात, प्लम ब्रेडचा कडेचा तुकडा आधी मोडून हातात धरतात, आणि मग थोड्या वेळाने स्वतःच खातात. प्रुडेन्स वही घेऊन फेरी मारतात. ट्रकपाशी आल्या की खाली न वाकता पुढे जातात. मी एकदा वाकून बघितलं. ट्रे नव्हता. खालचा राखाडी रंग कोरडा होता, अगदी नव्यासारखा. आमच्या हँगरात न गळणारी ती एकच गाडी आहे.