कच्च्यांचा तक्ता

आमच्या शाळेतली मुलं गणितात इतकी कच्ची का, हा प्रश्न वरच्या कार्यालयाला पडला तो नेमका सहामाहीनंतर. त्यांनी चाळीस पानी तक्ता धाडला. भरायचा कुणी? गणिताच्या बाईंनी, म्हणजे मी. मुलं कच्ची का राहतात हे शोधण्यासाठी माझे गणिताचे तास बंद झाले. एवढी अक्कल चालवायला वरचंच कार्यालय लागतं.

दहावीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत वही घेऊन दारात उभी राही. तिची आई इस्पितळात चादरी धुते, आणि मुलीला त्याच इस्पितळात नर्स व्हायचं होतं. गणितात पस्तीस मिळाले तर प्रवेश, नाहीतर आईशेजारी धुलाईघर. समीकरणं तेवढी समजवा, म्हणायची. तक्ता संपू दे गं, मी म्हणायचे.

तिचं अक्षर सुरेख. मग काय, मी तिलाच तक्त्याला बसवलं. कुणाच्या घरी वीज नाही, कुणाकडे वही नाही, कोण उपाशी येतं, सगळ्याची टक्केवारी तिनं काढली. एकही चूक नाही. मीही निर्लज्जासारखी शाबासकी देत राहिले.

तक्ता वेळेत गेला. मुख्याध्यापकांना अभिनंदनाचं पत्र आलं, ते त्यांनी चौकट करून भिंतीवर लावलं. मुलीला एकतीस मिळाले. टक्केवारीची सगळी गणितं बरोबर, समीकरणांची पानं कोरी.

यंदा पुन्हा तक्ता आला. नापासांच्या नावापुढे कारण लिहायचं: पालकांचे दुर्लक्ष किंवा विद्यार्थ्याची अनास्था. तिसरं कारण कार्यालयाला सुचलेलं नव्हतं. तिच्या नावापुढे मी माझं नाव लिहिलं. बरं वाटलं. आठवड्यात ते पान परत आलं, लाल शाईचा शेरा घेऊन: दिलेल्या पर्यायांतूनच निवडावे.

फेरपरीक्षेच्या अर्जावर सही घ्यायला ती आली तेव्हा पान टेबलावरच होतं. धुलाईघरातून थेट आली होती, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. तिनं सगळं वाचलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

“आईवर नको, बाई,” ती म्हणाली. “ती रोज पहाटे उठवायची मला अभ्यासाला.”

माझं नाव खोडून तिनं सुरेख अक्षरात लिहिलं, विद्यार्थ्याची अनास्था. मग पिशवीतून समीकरणांची वही काढली.