हिरव्या ठिपक्याचा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना गोल्फचा चेंडू आहे. हल्ली माझा मुक्काम चष्म्याच्या एका दुकानात, टेबलाच्या तिसऱ्या खणात असतो. शेजारी बारीक स्क्रूंची डबी, चष्म्याच्या तुटक्या काड्या आणि काचा पुसायची फडकी. ही मंडळी वाईट नाहीत, पण त्यांचं बोलणं चष्म्यापलीकडे जात नाही. त्यामुळे माझी हकिकत आजवर माझ्यापाशीच राहिली. तुम्ही भेटलात म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. आत रबराचा गोळा, वर पांढरं पातळ कवच आणि कवचावर तीनशेहून जास्त खळ्या. माणसाच्या गालावर एक खळी पडली तर केवढं कौतुक होतं! माझ्या अंगभर खळ्या असून कुणी ढुंकून पाहिलं नाही, कारण आजूबाजूचे हजारो चेंडू अगदी तसेच होते. या खळ्यांमुळे आम्ही हवेत लांब जातो म्हणे. तिथून मी खोक्यात बसून खेळाच्या दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात गिऱ्हाइकाची वाट बघू लागलो.

मला निवडलं ते एका चष्मेवाल्याने. त्याचा खेळ बेताचाच होता. दहा-बारा वर्षं खेळून त्याच्या नावावर एकही बक्षीस नव्हतं. पण चेंडू घेताना त्याचा रुबाब अजिंक्यवीराचा असे. कडक चेंडू लांब जातो, तो त्याला नको. काठी लागल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो थेट दातांत जातो, अशी त्याची तक्रार. मऊ चेंडूचा ‘थप्’ त्याला आवडायचा. रंग पांढराच हवा, पिवळे आणि नारिंगी चेंडू खेळण्यातले वाटतात. वापरलेला तर मुळीच नको, कारण दुसऱ्याचा मार खाल्लेला चेंडू आपलं ऐकत नाही. शिवाय अंगावरचा आकडा तीनच असायला हवा. एका खोक्यात तीन आकड्याचे तीनच चेंडू निघतात, म्हणून दुकानदार बिचारा चार खोकी उघडून त्याचे बारा चेंडू जमवून देई.

एकदा त्या दुकानदाराने भीत भीत सुचवून पाहिलं की एवढ्या चिकित्सेने खेळात फारसा फरक पडत नाही. चष्मेवाला अजिबात रागावला नाही. तो म्हणाला, “मी दिवसभर लोकांना विचारत असतो, हे बरं दिसतंय की ते. मलाही कुणीतरी कधी विचारायला नको का?”

घरी नेल्यावर त्याने आम्हाला जेवणाच्या टेबलावर रांगेत मांडलं आणि बारीक टोकाच्या पेनाने एकेकाच्या अंगावर हिरवा ठिपका द्यायला सुरुवात केली. मैदानात आपला चेंडू ओळखता यावा म्हणून ही खूण. त्याची बायको बघत उभी होती. ती म्हणाली, लग्नाचं विचारताना तुम्हाला पाच मिनिटं लागली नव्हती. सहा चेंडूंना ठिपके देऊन झाल्यावर त्याने पेन बंद केलं आणि उरलेले सहा कोरेच ठेवले. ते त्याच्या साडूसाठी होते.

हा साडू म्हणजे त्याच्या मेव्हणीचा नवरा. त्याची बेकरी होती. पहाटेपासून भट्टीपाशी राबून दुपारी तो मोकळा व्हायचा. बुधवारी चष्म्याचं दुकान बंद, त्यामुळे दर बुधवारी दुपारी दोघे मैदानावर हजर. साडूच्या बॅगेत झुडपांत सापडलेले चेंडू असायचे, कुठल्याही रंगाचे, कुठल्याही आकड्याचे, एक तर चिरलेला. मारला की जातो ना, मग झालं, एवढाच त्याचा विचार. यावर दोघांची वर्षानुवर्षं जुंपायची आणि शेवटी साडूने आणलेला ताजा पाव खाऊन मिटायची. चष्मेवाल्याला त्या बुधवारांचं फार अप्रूप होतं. त्याच्या आयुष्यात मनमोकळं बोलायला दुसरं कुणी नव्हतं, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी नवल घडलं. बेताच्या खेळाडूंसाठी तिथे दरवर्षी एक लाकडी ढाल बक्षीस म्हणून ठेवत, आणि तिच्या शेवटच्या सामन्यात समोरासमोर आले ते हे दोघे. ढाल घरातच राहणार म्हणून सगळ्यांनी त्यांची भरपूर चेष्टा केली. खेळ सुरू होण्याआधी चष्मेवाल्याने साडूच्या हातात ते सहा कोरे चेंडू ठेवले. आज तरी नीट चेंडूने खेळा, असं तो म्हणाला. साडूने हसत ते घेतले. दोघांचे चेंडू सारखे होतील अशी शंका कुणीतरी काढली, तर चष्मेवाला म्हणाला, माझ्या चेंडूवर ठिपका आहे, आणि तसाही माझा चेंडू मी हजारांत ओळखीन. मग त्याने मला खिशातून काढलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस होता.

या खेळात अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे असतात; सतरा झाले तरी दोघे बरोबरीत. अठरावा जो जिंकेल त्याची ढाल. चष्मेवाल्याने मला जीव खाऊन मारलं. मी उजवीकडे वळलो आणि उंच गवतात एका झुडपाशी जाऊन पडलो. पाठोपाठ साडूचाही चेंडू तिथेच आला आणि माझ्यापासून चार पावलांवर थांबला. आमच्या खेळात एक कडक नियम आहे: दुसऱ्याचा चेंडू मारला की तो होल गेला. शंका असेल तर समोरच्याला सांगून चेंडू उचलून बघता येतो. एवढं साधं आहे ते.

पण चष्मेवाला घाईत होता. त्याला गवतात पांढरं काही दिसलं, आकडा तीन दिसला, आणि त्याने न उचलता, न बघता फटका मारला. तो फटका इतका सुंदर होता की चेंडू थेट होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, होलपासून हातभर अंतरावर जाऊन थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी झुडपाशी पडल्या पडल्या त्या ऐकल्या. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या. त्याने साडूचा चेंडू मारला होता.

चष्मेवाला हिरवळीकडे धावला आणि इकडे साडू गवत बाजूला करत माझ्याजवळ आला. माझा हिरवा ठिपका नेमका वर होता. तो वाकला, त्याने पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्याने एक शब्द उच्चारला असता तर ढाल त्याची होती. तो क्षणभर हिरवळीकडे बघत राहिला. तिथे चष्मेवाला दोन्ही हात वर करून उभा होता. मग साडूने बुटाच्या टोकाने मला हळूच झुडपाच्या मुळाशी, पानांखाली सारलं आणि ओरडून सांगितलं की माझा चेंडू काही सापडत नाही, ढाल तुमची.

पुढचं मला बऱ्याच काळाने चष्मेवाल्याच्याच तोंडून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. हिरवळीवरचा चेंडू उचलताना त्याला त्यावर ठिपका दिसला नाही. त्याने तो दोनदा फिरवून पाहिला. चार लोक अभिनंदन करत होते, साडू गळ्यात हात टाकून हसत होता. चष्मेवाल्याने चेंडू खिशात घातला आणि तो गप्प बसला. घरी गेल्यावर सांगू, असं त्याने स्वतःला बजावलं. घरी गेल्यावर वाटलं, बुधवारी सांगू. बुधवारी त्याने कंबर धरल्याचा निरोप पाठवला.

मी झुडपाच्या मुळाशीच राहिलो. मुंग्या अंगावरून जायच्या, पाऊस खळ्यांत साचायचा, उन्हाने सुकायचा. दूरवर इतर चेंडूंचे आवाज येत आणि मी आवाजावरून मऊ-कडक ओळखत बसे. जगात येऊन मी एकच दिवस खेळलो होतो. बोलायला कुणी नव्हतं. सर्वांत वाईट म्हणजे, एक मोठी गोष्ट मला ठाऊक होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं.

महिन्याभराने चष्मेवाला आला, एकटाच. त्या गवतात तो काठीने चाचपडत राहिला. मला कोण आनंद झाला! पुढच्या आठवड्यातही तो आला, त्याच्या पुढच्याही. एकदा त्याच्या काठीचं टोक माझ्यापासून वीतभर अंतरावर टेकलं. तेवढ्यात वाटेवरून कुणीतरी विचारलं, काय शोधताय, तर तो दचकला आणि काही नाही म्हणत निघून गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो माझ्या ओढीने येत नव्हता. मी दुसऱ्या कुणाला सापडू नये म्हणून येत होता. त्या दिवशी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही.

दोन वर्षं गेली. मग गवत कापणाऱ्या बाईंनी ते झुडूप काढायला घेतलं आणि मी त्यांच्या हाती लागलो. अगं बाई, हा तर अजून चांगला आहे की, असं म्हणत त्यांनी मला पदराला पुसलं आणि दाराजवळच्या सापडलेल्या चेंडूंच्या टोपलीत टाकलं. वापरलेल्या चेंडूला हात न लावणारा चष्मेवाला आता दर बुधवारी ती टोपली उपसायचा. मला पाहिल्यावर त्याचा हात थांबला. त्याने मला मुठीत घट्ट धरलं आणि दुकानात आणून या खणात ठेवलं. वर भिंतीवर ती ढाल टांगलेली होती. गिऱ्हाइकं तिचं कौतुक करत आणि तो मान खाली घालून काचा पुसत राही. घरात दोघी बहिणींचं जाणं-येणं चालूच होतं, पण साडू येणार म्हटलं की याला नेमकं काहीतरी काम निघे. रोज तो एकदा खण उघडायचा, मला बघायचा आणि बंद करायचा.

अशीच काही वर्षं गेली आणि एका सकाळी दुकानात ओळखीचा आवाज आला. खणाच्या फटीतून पाहिलं, तर साडू चष्मा करायला आला होता. त्याचे केस पांढरे झाले होते आणि नखांत पीठ नव्हतं. बेकरी दुसऱ्याला चालवायला दिल्याचं त्याने सांगितलं. चष्मेवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवली, एकेक काच बदलत अक्षरं वाचून घेतली. हे बरं दिसतंय की ते, एवढंच तो विचारत होता. मग त्याने फ्रेम उतरवली, खण उघडला आणि मला साडूच्या तळहातावर ठेवलं.

“हा माझा चेंडू,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी तुमचा मारला. हिरवळीवरच मला कळलं होतं, आणि मी बोललो नाही.”

साडूने मला डोळ्यांजवळ नेलं नाही. नुसता अंगठा फिरवला.

“माहीत आहे मला. मीच तो पायाने आत ढकलला.”

तुम्ही का बोलला नाहीत, असं चष्मेवाल्याने विचारलं.

“अहो, जन्मात पहिल्यांदा जिंकत होतात तुम्ही. मला काय करायची होती ढाल? वाटलं, बुधवारी तुम्ही सांगाल आणि आपण दोघं पोट धरून हसू. वर्षभर बुधवारी बॅग काढून दाराशी बसायचो मी. तुम्ही आलाच नाहीत. मग वाटलं, ढाल मिळाली, आता तुम्हाला साडू कशाला हवा.”

“मला तोंड दाखवायची लाज वाटत होती हो, साडूभाऊ.”

“तेवढं जरी येऊन सांगितलं असतंत,” साडू म्हणाला.

मग चष्मेवाल्याने विचारलं, येत्या बुधवारी जायचं का. साडूने नकारार्थी मान हलवली. लेक त्याला आणि बायकोला आपल्याकडे राहायला घेऊन जात होती, खूप लांब, आणि निघायचं होतं शनिवारी. म्हणून तर चष्म्याची घाई होती.

शुक्रवारी चष्मा तयार झाला. साडूने तो घातला, चष्मेवाल्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, तुम्हीही म्हातारे झालात की. दोघे हसले. मग तो गेला. चष्मेवाल्याने भिंतीवरची ढाल उतरवून मैदानावर परत नेऊन दिली आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. लोक म्हणाले, जाऊ द्या हो, जुनी गोष्ट आहे. आता बुधवारी तो मैदानावर जात नाही. बंद दुकानात बसून काचा घासत असतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं की जुन्या वस्तू जपा. मी ते सांगणार नाही. मी दोन वर्षं चिखलात पडलो तरी पुसल्यावर होतो तसा निघालो. पण तुमचं कुणाशी बोलायचं राहिलं असेल, तर ते पुढच्या आठवड्यावर टाकू नका, आजच जा. तो माणूस कदाचित अजूनही बॅग काढून दाराशी बसलेला असेल.