नोबीच्या दाराशी थांबलेली बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे, शाळेची. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तंबाखूच्या मळ्यांमधून धावण्यात माझे आयुष्य गेले. एका जागी उभे राहणे मला कधी जमले नाही, आणि नेमके तेच माझ्या वाट्याला आले.

पहिली आठ वर्षे मी गोऱ्या मुलांना शाळेत नेत असे. तेव्हा मी नवी होते, सगळे माझे कौतुक करीत. त्याच रस्त्याच्या कडेने काळी मुले पाच-पाच मैल चालत त्यांच्या वेगळ्या शाळेत जात. त्यांना बस नव्हती. माझ्या चाकांनी त्यांच्या अंगावर चिखल उडवला आहे. आत हसण्याचा आवाज होई. थांबावेसे वाटे, पण थांबणे माझ्या हाती नव्हते.

पुढे माझे गिअर घासू लागले आणि काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, मला मोडीत काढले. काळ्या मुलांच्या पालकांनी मिळून मला घेतले. ल्यूशियस टिलरी नावाच्या शेतकऱ्याने माझे इंजिन दुरुस्त केले आणि तोच माझा चालक झाला. चढावर मी दमले की मुले उतरून मला ढकलत. "लावा रे जोर, म्हातारी रुसली आज," टिलरी म्हणे. मला त्याचा राग येत नसे.

त्याच्या मागच्याच बाकावर झेनोबिया क्रम्प बसे. सारे तिला नोबी म्हणत. मांडीवर डबा, डब्यात भाजलेले रताळे, आणि तोंडाने पाढे. तिला शिक्षिका व्हायचे होते.

न्यायालयाने सांगितले होते की गोरी आणि काळी मुले एकाच शाळेत शिकली पाहिजेत. आमच्या काउंटीच्या कारभाऱ्यांना ते मान्य नव्हते. १९५९ साली त्यांनी सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. आमच्या मुलांसाठी काहीच नाही.

सप्टेंबरात आम्ही नेहमीसारखे निघालो. शाळेच्या फाटकाला साखळी होती. बारा वर्षांची नोबी उतरली, तिथे लावलेला कागद वाचून परत आली.

"काका, किती दिवस बंद राहणार?"

"असेल आठवडाभर. चल, चढ."

त्या आठवड्याची पाच वर्षे झाली.

टिलरीने मला अंगणात उभे केले. रोज सकाळी सातला तो इंजिन सुरू करी. बायको विचारी, "कुठं जायचंय एवढं?" "कुठं नाही. बॅटरी उतरू नये म्हणून," तो सांगे. मी घटकाभर थरथरे आणि पुन्हा गप्प होई. ते गप्प होणे मला दिवसभर छळे. रस्ता समोर दिसत होता.

काही मुलांना दूरच्या नातेवाइकांकडे धाडले गेले. नोबीचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. तिला कोण धाडणार? ती आईबरोबर तंबाखूच्या मळ्यात जाऊ लागली. शनिवारी मात्र ती लहान मुलांना माझ्या बाकांवर बसवी आणि धुरकट काचेवर बोटाने अक्षरे गिरवून घेई.

सहा वर्षांच्या डेल्फीने एकदा तिला विचारले, "नोबीताई, शाळा म्हणजे ही बसच ना?"

नोबी म्हणाली, "नाही गं. बस शाळेत नेते."

१९६४ साली न्यायालयाच्या हुकमाने शाळा उघडल्या. टिलरीने पहाटेच माझी चाके तपासली. घराघरांतून मुले चढली. नोबीच्या दाराशी तिची आई हेस्टर उभी होती.

"ती मळ्यात गेलीय. तुम्ही जा पुढे."

"बोलव तिला. मी थांबतो."

"उशीर होईल तुम्हाला."

"पाच वर्षं झालाच आहे," टिलरी म्हणाला.

आईने हाक मारली. नोबी आली. तंबाखूच्या चिकाने तिचे हात काळेकुट्ट झाले होते. ती पायरीपाशीच थांबली.

"सतरा वर्षांची आहे मी, काका. आठवीत बसू? पोरं हसतील."

"हसू देत. त्यातल्या निम्म्यांना अक्षरं तूच शिकवलीस."

"आणि घरचं काम?"

हेस्टरने मुलीच्या हातातली टोपली काढून घेतली. डेल्फी बाकावर सरकली आणि तिने जागा करून दिली. नोबी हात पुसत पुसत चढली. बाविसाव्या वर्षी ती शाळा संपवून बाहेर पडली आणि पुढे त्याच काउंटीत शिक्षिका झाली.

पण मित्रांनो, त्या सकाळी चार दारांतून कोणीच बाहेर आले नाही. कोणी शहरात मजुरीला गेले होते, कोणाचे लग्न झाले होते, कोणाला आता लाज वाटत होती. टिलरी महिनाभर रोज त्या चार दारांशी मला थांबवत राहिला. मग मुलांना उशीर होऊ लागला आणि तो थांबेनासा झाला.

आज मी गंजून गेले आहे. मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. तुमच्या वर्गात एखादे बाक रिकामे दिसले, तर त्यावर कोण बसत होते ते विचारा आणि त्याच्या घरी जाऊन या. दार उघडायला वेळ लागला तर थोडे अधिक थांबा. आम्ही महिनाभर थांबलो होतो, ते पुरे पडले नाही.