आबांचं दप्तर

सरकारी कचेरीतली रद्दी रोज संध्याकाळी पिशवीत भरून घरी न्यायची आणि सकाळी तीच परत आणून निळ्या डब्यात टाकायची, असला उद्योग करणारी ती एकटीच असेल. ती तिथे शिपाई होती आणि सुक्या कचऱ्याचे डबे तिच्याकडे होते. घरी तिचे वडील होते, आबा. त्यांची उभी हयात त्याच कचेरीचं दप्तर सांभाळण्यात गेलेली. आता जेवलो की नाही हेही त्यांना आठवत नसे, पण जित्याची खोड ती! कागद मिळाले की दाभण-दोरा घेऊन बसत, तारखा लावत, फायली शिवत. कागद नसले की कडी काढून थेट रस्त्यावर. म्हणून ती रद्दी. बरं चाललं होतं.

मग कचेरीच्या रद्दीतला कुणाच्या तरी आजारपणाचा कागद बाजारात पुडी होऊन फिरला आणि एकच बोंबाबोंब झाली. साहेबांनी कागद कातरणारं यंत्र आणलं. यापुढे एक चिटोरासुद्धा अख्खा बाहेर जाणार नाही, पट्ट्या होऊन लगद्याच्या कारखान्यात जाईल.

"साहेब, पाठकोरे तेवढे द्या ना," ती म्हणाली.

"बाई, तुम्हाला दिले की उद्या सगळेच नेतील."

साहेबांचं चुकलं नव्हतं आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. चुकलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

तिने शेजारून जुनी वर्तमानपत्रं आणली. आबांनी ती बाजूला सारली. "हे आपल्या खात्याचं नाही." दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने त्यांना चौकातून हाताला धरून घरी आणलं. असंच चाललं तर एक दिवस ते सापडायचेच नाहीत.

म्हणून तिने साहेबांना विचारून पिशवीभर पट्ट्या घरी आणल्या. धान्य निवडावं तसे निवडत बसतील, जुळवत बसतील, अशी तिची भाबडी समजूत. तिने चटईवर ढीग ओतला.

आबा बघतच राहिले. त्यांनी एक पट्टी उचलली. तिच्यावर अर्धा शिक्का होता आणि तो त्यांनी बरोबर ओळखला. ते उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, कुलूप मीच लावलं होतं. हे कसं झालं, देवाशपथ ठाऊक नाही."

"आबा, अहो मी आहे!"

"साहेब, नोकरीवरून काढू नका. घरी आईविना पोर आहे. मी घरी बसलो तर तिच्या तोंडात घास कोण घालणार?"

तिला हंबरडा फोडावासा वाटला. पण समोर उभा असलेला माणूस निकालाची वाट बघत होता. तिने खुर्ची ओढली आणि ताठ बसली.

"काढत नाही. तुमची काही चूक नाही. जा, कामाला लागा."

आबांनी डोळे पुसले. दोन पावलं जाऊन ते परत फिरले आणि हळूच म्हणाले, "साहेब, एवढं करा. माझ्या पोरीला यातलं काही कळू देऊ नका. लहान आहे, घाबरेल."

"नाही सांगत," ती म्हणाली.