दारातली बाई

प्रभंजन नरगुंदकरांनी फायलीची नाडी सोडली, आतले कागद जेवणाच्या टेबलावर ओतले आणि कमलच्या पुढ्यातली अर्धी निवडलेली मेथी हाताने बाजूला सारली.

“हे बाळबोधीत उतरव. आज संध्याकाळच्या कुरिअरनं पुण्याला जायला पाहिजे.”

कमलने हातातली काडी खाली ठेवली. कागद कडेने पिवळे पडले होते. भाषा मराठी आणि लिपी कानडी. प्रभंजनांचं सगळं शिक्षण नरगुंदच्या कानडी शाळेत झालेलं. घरात मराठी, डोक्यात मराठी, पण हात चालायचा तो कानडी अक्षरांतच. बाळबोध, म्हणजे देवनागरी, ते वाचत, तीही बोट ठेवून. मिरजेहून लग्न होऊन हुबळीत आलेल्या कमलने दुकानांच्या आणि बसच्या पाट्यांवरून कानडी अक्षरं शिकून घेतली होती. पुढे दर वर्षी प्रभंजन वैशाखात एक विज्ञानकथा लिहीत, कमल ती जूनमध्ये पाठकोऱ्या कागदांवर बाळबोधीत उतरवी आणि केशवापूरच्या पोस्टात नेऊन टाकी. दिवाळी अंकात कथा येई.

“यात नुसते शेवट दिसतायत,” ती म्हणाली.

“शेवटच आहेत. एक्क्याण्णवपासूनचे, अकराच्या अकरा. त्या हरामखोरांनी कापलेले.”

हे भांडण घरात कुणाला नवीन नव्हतं. १९९१ साली पुण्याच्या अंकात त्यांची पहिली कथा आली. रात्रीची हुबळी-गदग बस अण्णिगेरीच्या पुढे धुक्यात शिरते आणि थेट २०९० सालात निघते, अशी. छापील कथा जिथे संपली ती ओळ पुढे बरीच गाजली : “कंडक्टरने घंटी ओढली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं नाही. बस पुढे गेली.” प्रभंजनांनी ती वाचली तेव्हा अंक भिंतीवर फेकला होता, कारण त्यांनी लिहिलेला पुढचा मजकूर छापलाच नव्हता. त्यांनी संपादक आठल्यांना पत्र लिहिलं. आलं ते सगळं छापलं, असं आठल्यांचं उत्तर आलं. प्रभंजनांनी तो अंक सोडला आणि कोल्हापूरचा धरला. तिथेही शेवट कापला गेला. मग सोलापूर, मग नागपूर. त्र्याण्णवच्या कथेला स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, शहाण्णवची वर्षातल्या निवडक कथांत गेली, नव्व्याण्णवची कानडीत गेली. परीक्षणांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येई, की नरगुंदकर कथा नेमकी कुठे सोडायची ते जाणतात. असं परीक्षण आलं की घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नसे.

आता, २००२ मध्ये, पुण्याचा एक प्रकाशक अकराही कथांचं पुस्तक काढत होता. प्रभंजनांची एकच अट होती. सगळे मूळ शेवट परत घालायचे.

“करारात लिहून घेतलंय,” ते म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीत गेले. “अक्षर नीट काढ.”

दिवाणखान्यात फोन वाजला. पुण्याहून दीपाली बोलत होती. प्रकाशकाकडे पुस्तकाचं संपादन ती पाहायची, आवाजावरून पंचविशीचीही नसावी.

“मॅडम, सरांना सांगाल का, आजचं कुरिअर चुकलं तर छपाई दिवाळीपलीकडे जाईल.”

“सांगते.”

“आणि एक विचारू? ती बसची गोष्ट मी शाळेत असताना वाचली होती. नंतर बरेच दिवस मी एसटीत बसायला तयार नव्हते, आई वैतागली होती. त्याच्यापुढे काय होतं हो मुळात?”

कमलने न्हाणीच्या बंद दाराकडे पाहिलं.

“पुढे तो घरी पोचतो,” ती म्हणाली.



“अच्छा,” दीपाली म्हणाली. “असू दे. सरांची अटच आहे.”

कमलने टेबल पुसलं, कोरे कागद घेतले, समास दुमडला. पहिल्या शेवटाचा पहिला परिच्छेद तिने नेहमीच्या वेगाने उतरवला. दुसऱ्या परिच्छेदाशी पेन थांबलं. त्या ओळी तिला पाठ होत्या. तिने पुढचा कागद ओढून पाहिला, त्याच्याखालचा पाहिला. मग पेनाचं टोपण लावलं.

प्रभंजन केस पुसत बाहेर आले.

“झालं किती?”

“मी हे लिहिणार नाही.”

“हात दुखतोय का?”

“हात चांगला आहे. तेव्हाही लिहिलं नव्हतं, आताही लिहिणार नाही.”

ते टॉवेल हातात धरून उभे राहिले. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. लाइन कुठे तुटली आहे हे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तरी त्यांना वेळ लागला.

“तेव्हा म्हणजे कधी?”

“एक्क्याण्णवला. आणि पुढे दर वर्षी. आठल्यांनी काही कापलं नाही. त्यांच्यापर्यंत ते गेलंच नव्हतं.”

“तू कापलंस.”

“कापलं नाही. माझा एक शब्दही तुमच्या कथेत घातला नाही. उतरवता उतरवता थांबले, एवढंच.”

“एवढंच.” त्यांनी टॉवेल खुर्चीवर आपटला. “अगं, मी त्या माणसाला चोर म्हटलं. पत्रात लिहून चोर म्हटलं.”

“ठाऊक आहे. ते पत्र मीच उतरवलं होतं.”

“आणि तेव्हा तुला सांगावंसं वाटलं नाही?”

“जसंच्या तसं उतरवलं. शिव्यांसकट. तुम्ही मला आधी विचारलं असतंत, कमल, तू पूर्ण लिहिलं होतंस का, तर सांगितलं असतं. दर वर्षी वाटायचं, या खेपेला विचाराल. तुम्ही कागद टाकायचात आणि म्हणायचात, अक्षर नीट काढ.”

“आठल्ये गेला तेव्हा मी साधं दोन ओळींचं पत्र पाठवलं नाही त्याच्या घरी.”

“मी पाठवलं.”

प्रभंजन खुर्चीत बसले आणि लगेच उठले.

“कोणी अधिकार दिला तुला? लेखक तू का मी?”

“लेखक तुम्ही. बक्षिसाची शाल तुमच्या खांद्यावर पडली, मी काही मागायला आले का? सोलापूरला तुम्ही व्यासपीठावर होतात, मी तिसऱ्या रांगेत पिशव्या सांभाळत होते. मला त्याचा राग नाही.”

“मग कशाचा आहे?”

कमलने वरचा कागद उचलला. कानडी अक्षरांवरून तिची नजर सरळ गेली, कुठे अडखळली नाही.

“‘दार उघडं होतं. दारात ती उभी होती. तिच्या हातात कॉफीचा पेला होता.’ हे एक्क्याण्णव.” तिने दुसरा कागद घेतला. “‘तो अंगणात उतरला. ती दारातच होती, जणू तो आत्ताच बाजारातून आला होता.’ हे त्र्याण्णव. हा शहाण्णवचा, मंगळावरून चाळीस वर्षांनी आलाय. ‘दारात ती उभी होती. कॉफी अजून गरम होती.’ चाळीस वर्षं.”

“ते प्रतीक आहे.”

“कॉफी करून बघा एकदा. किती वेळ गरम राहते ते कळेल.”

“चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही करत. तुम्ही माणसाला २०९० सालात नेता. तिथे घरं हवेत आहेत, अमरगोळच्या धान्यबाजारात दलाल नाहीत, यंत्रं भाव बोलतात. सगळं बदललंय. आणि ही बाई दारात. तिला नाव नाही. तो गेला तेव्हापासून ती काय करत होती ते एका ओळीत नाही. अकरा वेळा मला दारात उभं केलंत. मी एकदाही उभी राहिले नाही.”

“तुला उभं केलं?” त्यांचा आवाज चढला. “होय, तुलाच केलं. कुणासाठी लिहिलं ते? माणूस कुठेही गेला तरी घरी परततो, घरात कुणी वाट पाहणारं असतं, ही माया आहे. माझ्या सगळ्या लिखाणात तेवढंच एक खरं होतं आणि ते तू चुलीत घातलंस.”

“चुलीत नाही घातलं. हे काय, सगळे कागद इथे आहेत. तुम्ही उतरवा.”

“उतरवतो. काय समजलीस?”

त्यांनी कागद ओढून घेतले. दुपारभर ते टेबलाशी बसले होते. आधी पट्टीने शिरोरेघ मारून घेत, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत. ‘दारात’ लिहिताना काना रेघेच्या वर गेला. त्यांनी कागद फाडला, नवा घेतला. कमलने मेथी निवडून पूर्ण केली, भाजी फोडणीला टाकली, त्यांचं ताट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. त्यांनी जेवताना पेन खाली ठेवलं नाही. एकदा त्यांनी मान वर केली, काहीतरी विचारायचं होतं. विचारलं नाही.

पाच वाजायच्या सुमाराला त्यांनी कागद तपकिरी पाकिटात घातले. शर्ट बदलला. चपला घालताना ते तिच्याकडे न पाहता म्हणाले,

“स्टेशन रोडला कुरिअर टाकून येतो. आल्यावर कॉफी लागेल.”

फाटकाचा आवाज झाला. कमल स्वयंपाकघरात गेली, सवयीने दुधाचं पातेलं ओट्यावर घेतलं आणि त्याच्याकडे पाहत राहिली. मग ते झाकून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं. साडी बदलली. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दुसरी किल्ली आत, कॅलेंडरच्या खिळ्याला होती. प्रभंजनांना ती कधी लागली नव्हती.

गावातल्या लॅमिंग्टन रोडवर शाळा सुटून बराच वेळ झाला होता, तरी वह्यांच्या दुकानांत गर्दी होती. ती एका हॉटेलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. पोऱ्याने फडकं मारलं आणि कानडीत विचारलं, आणखी कुणी यायचं आहे का. नाही, ती म्हणाली. त्याने तिच्यापुढे कॉफी आणून ठेवली, वाफाळती, वर फेस. तिने पेला दोन्ही हातांनी धरला. कॉफी थोडी गोड जास्त होती. ती संपवून तिने आणखी एक मागवली.

निघाली तेव्हा दिवे लागले होते. बसला उशीर होता म्हणून तिने रिक्षा केली. केशवापूरच्या वळणावर एका घरातून टीव्हीवरची मालिका ऐकू आली, म्हणजे आठ वाजून गेले होते. रिक्षा त्यांच्या गल्लीत शिरली.

दारावरचा दिवा बंद होता. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात पायरी दिसत होती, आणि पायरीच्या वर, कुलपाला पाठ लावून, प्रभंजन उभे होते. बसायला जागा होती तरी बसले नव्हते. रिक्षाचा आवाज ऐकून त्यांनी मान उचलली. काखेत तेच तपकिरी पाकीट होतं. त्याचं तोंड अजून चिकटवलेलं नव्हतं.

“इल्लेन्री, अक्का?” इथेच का, असं रिक्षावाल्याने वेग कमी करत विचारलं.

कमलचा हात पर्समध्ये गेला होता. बोटांना किल्ली लागली. तिने पर्सची चेन पुन्हा ओढून घेतली.

“मुंद होग्री,” ती म्हणाली.

रिक्षावाल्याने आरशातही पाहिलं नाही. रिक्षा पुढे गेली.