धाकट्याची मान

लहानपणी मी मारलेला चेंडू एकदा इतका उंच गेला की खाली आला तेव्हा त्यावर बर्फ जमला होता. विश्वास बसत नसेल तर धाकट्याला विचारा. घरात सगळे त्यालाच विचारायचे. आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "काय रे, खरं का हे?" मी हळूच भुवई उडवायचो. तो गंभीरपणे मान हलवायचा आणि वर स्वतःच्या पदरचं घालायचा, "एक पीससुद्धा चिकटलं होतं चेंडूला." थाप माझी, मान त्याची. एवढ्या भांडवलावर आम्ही अख्खं बालपण काढलं.

पुढे माझ्या जिभेला साजेसं काम मिळालं. एका फुटबॉल क्लबच्या मैदानात मी माइकवरून घोषणा करायचो. गोल कोणी मारला, कोणाची मोटार फाटकात आडवी उभी आहे, आणि मध्यंतरात, आज प्रेक्षक किती. आकड्याची चिठ्ठी फाटकावरून यायची. मी तिला थोडं तिखटमीठ लावायचो, पाच हजारांचे साडेपाच करायचो. लोक हसायचे, म्हातारा आज पोटभर जेवून आलाय म्हणायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं. धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबात खेळाडूंचे बूट आणि कपडे सांभाळायचा. तो क्लब इतका गरीब की चेंडूत हवा भरतानासुद्धा काटकसर करत.

मग आमचा क्लब एका सिमेंटवाल्याने विकत घेतला. त्याच्याकडे इतका पैसा की तो मोजायला ठेवलेली माणसंही म्हातारी होऊन निवृत्त व्हायची. पण फुटबॉल मंडळाचा नियम त्याच्या आडवा आला. क्लबने मैदानावर जेवढं कमवायचं तेवढंच खेळाडूंवर खर्चायचं, मालकाने आपला खिसा उलटा करायचा नाही. नाहीतर गरिबाच्या क्लबने खेळायचं कशाला? सिमेंटवाल्याने तोड काढली. आपलीच तिकिटं आपणच घ्यायची आणि रिकाम्या खुर्च्या भरलेल्या दाखवायच्या. मंडळाच्या दप्तरात प्रेक्षकांचा आकडा म्हणून मी माइकवर सांगितलेलाच जायचा.

त्याने मला वर बोलावलं, मखमली पेटीतला नवा माइक पुढे सरकवला आणि म्हणाला, "आजोबा, तुमचे आकडे मला फार आवडतात. जरा मोकळ्या हाताने सांगत चला."

त्याने दमदाटी केली असती तर मी कदाचित ताठ राहिलो असतो. पण आयुष्यभराच्या थापांना पहिल्यांदाच कोणीतरी कदरदान भेटला होता. मी विरघळलो.

धाकट्याचा क्लब आमच्याकडे खेळायला आला त्या दिवशी चिठ्ठीवर चार हजार दोनशे होते. पूर्वेकडचा भाग छपराच्या कामासाठी बंद, तिथे फक्त कबुतरं. मी घसा साफ करून सांगितलं, अठरा हजार. अख्खं मैदान खदखदून हसलं. खाली कडेच्या बाकावर बूट पुसणाऱ्या धाकट्याने मान वर करून पूर्वेकडे पाहिलं, मग माझ्या खिडकीकडे. मी त्याला हात केला.

असल्या आकड्यांच्या जोरावर सिमेंटवाल्याने एक महागडा गोल मारणारा आणला. तरी हंगाम संपता संपता तळाला दोनच क्लब उरले, आमचा आणि धाकट्याचा. एकाने खालच्या गटात जायचं. तेवढ्यात मंडळाकडे त्या अठरा हजारांबद्दल तक्रार गेली. आकडा खोटा ठरला तर आमचे गुण कापले जाणार आणि धाकट्याचा क्लब वाचणार.

चौकशीला चष्मेवाल्या बाई होत्या. मी त्यांना सांगितलं, अठरा हजार. मग त्यांनी धाकट्याला बोलावलं, कारण तो त्या दिवशी समोरच्या संघाबरोबर मैदानात होता. त्याच्या क्लबच्या लोकांनी त्याला कोणाचा तरी कोट घालून पाठवलं होतं. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

"तुमच्या भावाने सांगितलेला आकडा खरा आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो असतो, खाली पाहिलं असतं, तरी चाललं असतं. मी भुवई उडवली.

धाकट्याने मान हलवली. वर म्हणाला, "पूर्वेकडे तर लोक उभे होते बाई. बसायला जागा नव्हती."

स्वतःच्या क्लबविरुद्ध कोण खोटं बोलेल, असं म्हणून बाईंनी फाईल बंद केली.

त्याचा क्लब खाली गेला. त्याच्या लोकांनी त्याला फितूर ठरवून काढून टाकलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतून त्याने बुटांचे चार ब्रश घरी आणले, तेही स्वतःच्या पैशाने घेतलेले. मला तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो. माइकची मखमली पेटी मी कपाटात पाठमोरी ठेवली, जणू तिला डोळे होते.

परवा ताईकडे सगळे जेवायला जमलो होतो. भाचरं म्हणाली, मामा, एक झक्कास गोष्ट होऊन जाऊ दे. मी पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं, की त्या दिवशी माणसं चार हजार दोनशेच होती, मी खोटं बोललो आणि धाकट्यालाही बोलायला लावलं.

पंगत हसून लोटपोट झाली. एक भाचा म्हणाला, मामाने थाप लहान करून मारली, हे प्रथमच. ताईने अगदी आईसारखा कमरेवर हात ठेवला आणि धाकट्याला विचारलं, "काय रे, खरं का हे?"

मी भुवई उडवली नाही. हात जोडावेत तसा त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.

धाकट्याने घास चावून संपवला, ताईला भात वाढ म्हणाला, आणि ताटात बघून जेवत राहिला. मान हलली नाही.